आजारपणांत आणि स्थित्यंतरांत ख्रिस्ती श्रद्धेचें बळ

धडधाकट मनुष्यास आपल्या नित्याच्या दिनक्रमाची किंमत सहसा कळत नाहीं. सकाळीं उठावें, कामास जावें, सायंकाळीं घरच्या माणसांत येऊन बसावें, हें सारें कायमचें ठरलेलें आहे अशा समजुतीनें तो वागत असतो. मग एके दिवशीं ताप उतरेनासा होतो, किंवा घरांतलें कर्तें माणूस जातें, किंवा राहता गांव आणि जन्माची माणसें सोडून परमुलखाची वाट धरावी लागते. आणि ज्या आधारावर आजवरचें आयुष्य उभें होतें तोच निखळून पडतो. आजार आणि स्थित्यंतर यांत हें मोठें साम्य आहे. दोहोंतही मनुष्याच्या हातची सत्ता जाते, उद्यांचा भरंवसा नाहींसा होतो, आणि "हें माझ्याच वांट्यास कां?" हा प्रश्न मनांत घर करितो.

या प्रश्नास प्रत्येक धर्मानें आपापल्या परीनें तोंड दिलें आहे. ख्रिस्ती श्रद्धा अशा प्रसंगीं माणसास नेमकें काय देते, आणि काय देण्याचें वचन देत नाहीं, हें नीट समजून घेणें अगत्याचें आहे. कारण याविषयीं ख्रिस्ती लोकांत आणि ख्रिस्तेतर समाजांतही कांहीं गैरसमज रूढ आहेत, आणि त्यांचा उपद्रव शेवटीं रोग्यालाच होतो.

पहिला गैरसमज असा कीं, श्रद्धा म्हणजे रोग हटविण्याचा एक उपाय होय. प्रार्थना केली, विश्वास पुरेसा बळकट असला, कीं दुखणें गेलेंच पाहिजे. आणि न गेलें तर रोग्याच्या विश्वासांतच कांहीं उणें आहे, असें कित्येकजण मानितात. ह्या विचाराइतका क्रूर विचार दुसरा नाहीं. आधींच वेदनेनें पिचलेल्या माणसाच्या माथीं तो अपराधाचें ओझें ठेवितो. ख्रिस्ती धर्मग्रंथांत ह्या मताला आधार सांपडत नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानांत एका जन्मांधाची कथा आहे. त्याच्या आंधळेपणाला कोणाचें पाप कारण झालें, त्याचें कीं त्याच्या आईबापांचें, असें शिष्यांनीं विचारिलें असतां येशूनें दोन्ही गोष्टी नाकारिल्या. जुन्या करारांतील ईयोबाचें सबंध पुस्तक याच वादावर रचिलेलें आहे. त्याचे मित्र त्याचें समाधान करावयास येतात आणि त्याच्या हालांना त्याचीच पापें कारण आहेत असें पटवूं लागतात; ग्रंथाच्या अखेरीस देवाचा रोष होतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे.

पौल प्रेषिताचें उदाहरण तर याहूनही बोलकें आहे. त्याच्या शरीरांत कांहीं एक व्यथा होती; ती कोणती तें त्यानें सांगितलेलें नाहीं, परंतु तिला त्यानें शरीरांतील कांटा म्हटलें आहे. ती दूर व्हावी म्हणून आपण तीन वेळां देवास विनविलें, आणि ती दूर झाली नाहीं, असें तो करिंथ येथील मंडळीस मोकळेपणानें लिहितो. त्याला मिळालें तें एवढेंच आश्वासन कीं देवाची कृपा त्यास पुरेशी आहे, आणि माणसाच्या दुर्बळपणांतच तिचें सामर्थ्य पूर्णत्वास येतें. ज्याच्या लेखणींतून नव्या कराराचा मोठा भाग उतरला त्याचेंच दुखणें बरें झालें नाहीं. मग इतरांच्या न बऱ्या झालेल्या दुखण्यावरून त्यांच्या श्रद्धेचें माप कोणी घ्यावें?

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा. देवावर भरंवसा टाकला म्हणजे वैद्याकडे जाणें हा अविश्वास होय, असें मानणारेही लोक आहेत. परंतु ख्रिस्ती परंपरेचा ओघ या मताच्या विरुद्ध वाहत आला आहे. शुभवर्तमानकार लूक हा वैद्य होता असें पौलाच्या पत्रावरून दिसतें. कॅथॉलिक पंथीयांच्या बायबलांत असलेल्या सिराकाच्या पुस्तकांत वैद्याचा मान राखावा, कारण त्याची नेमणूक देवानेंच केली आहे, असा स्पष्ट उपदेश आहे. इ. स. ३७० च्या सुमारास कैसरिया येथील बिशप बासील यानें रोगी, दरिद्री आणि प्रवासी यांच्यासाठीं मोठें सेवागृह उभारिलें. पुढें जीं रुग्णालयें निघालीं त्यांच्या मूळ प्रेरणांत त्याची गणना होते. महाराष्ट्रांत डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उघडलें, आणि तेथील शस्त्रक्रियेचा लौकिक दूरवर पसरला. औषध आणि प्रार्थना हीं त्या मंडळींस परस्परांचीं वैरी कधीं वाटलीं नाहींत. औषध देणारा हात आणि प्रार्थनेसाठीं जोडलेला हात हे एकाच माणसाचे असूं शकतात, हें अशा रुग्णालयांनीं आपल्या रोजच्या कामानें दाखवून दिलें.

हे दोन गैरसमज बाजूस सारल्यावर मग श्रद्धेचें खरें बळ कशांत आहे, हा प्रश्न उरतो. त्याचें उत्तर तीन अंगांनीं देतां येतें.

पहिलें अंग म्हणजे रडण्याची मुभा. बायबलांत दीडशें स्तोत्रें आहेत, आणि त्यांतील बरींचशीं आक्रोशाचीं आहेत. देवा, तूं मला कां विसरलास, तूं तोंड कां लपविलेंस, असे थेट आणि धीट प्रश्न त्यांत भक्तानें देवास विचारिले आहेत. खुद्द येशू पकडला जाण्यापूर्वीं गेथशेमाने बागेंत व्याकुळ झाला, आणि शक्य असेल तर हें दुःख टळावें अशी त्यानें प्रार्थना केली. नंतर मात्र त्यानें आपली इच्छा पित्याच्या इच्छेस वाहिली. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आधीं व्याकुळता, मग समर्पण. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारावी असा उपदेश दुःखितास करणारे लोक त्याचें हित करीत नाहींत. जो आपलें दुःख देवापुढें उघडें करूं शकतो तो तें एकट्यानें वाहत नाहीं, आणि त्यामुळेंच त्याच्या खांद्यावरचा भार कांहींसा हलका होतो.

दुसरें अंग सोबतीचें. ख्रिस्ती धर्माच्या मध्यभागीं क्रूस आहे, म्हणजे दुःख भोगणाऱ्या देवाची कल्पना आहे. रोग्याच्या उशाशीं बसून दुःखाची मीमांसा करणारा तत्त्वज्ञ एक, आणि तेंच दुःख भोगून आलेला सोबती दुसरा. ख्रिस्ती मनुष्य येशूकडे या दुसऱ्या नात्यानें पाहतो. ही सोबत केवळ मनांत राहूं नये, ती माणसांच्या रूपानें दारीं यावी, अशीही धर्माची आज्ञा आहे. कोणी आजारी असेल तर त्यानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें, त्यांनीं त्याला तेल लावून त्याच्यासाठीं प्रार्थना करावी, असें याकोबाच्या पत्रांत सांगितलें आहे. कॅथॉलिक पंथांत हा विधि पुढें मरणोन्मुख माणसापुरता मानला जाऊं लागला होता; दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ सालच्या सुधारित विधीनें, तो पुन्हां सर्वच गंभीर आजाऱ्यांसाठीं खुला झाला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळक रोग्याच्या घरीं जाऊन स्तोत्र वाचतो, प्रभुभोजन देतो. शेजारच्या बाया आळीपाळीनें रात्रीं जागतात, कोणी पेज करून आणितो, कोणी पोरें सांभाळितो. आजाऱ्याच्या समाचारास गेलों म्हणजे ख्रिस्ताच्याच समाचारास गेलों, या मत्तयाच्या शुभवर्तमानांतील शिकवणीचा हा सरळ घरगुती अर्थ होय.

तिसरें अंग कामाचें. दुःखानें मनुष्य स्वतःभोंवतीं गुरफटत जातो. श्रद्धा त्याला त्या गुंत्यांतून बाहेर ओढून कांहींतरी काम हातीं देते. ओहायओ संस्थानांत १८५४ सालीं जन्मलेल्या मेरी रीड या अमेरिकन बाई १८८४ सालीं धर्मकार्यार्थ हिंदुस्थानांत आल्या. प्रकृति ढासळल्यामुळें १८९० मध्यें त्या स्वदेशीं परतल्या, आणि तेथें त्यांना महारोग झाल्याचें निदान झालें. त्या काळीं त्या रोगाचें नांव ऐकणें म्हणजे जिवंतपणीं मरणाची शिक्षा ऐकण्यासारखें होतें. परंतु पुढल्याच वर्षीं त्या परत आल्या आणि पिठोरागडजवळच्या चंडाक टेकडीवरील महारोग्यांच्या आश्रमाची व्यवस्था त्यांनीं अंगावर घेतली. १९४३ मध्यें मरण येईपर्यंत त्या तेथेंच राहिल्या. ज्या रोगानें त्यांना जगापासून तोडलें, त्याच रोगानें त्यांना त्या लोकांशीं जोडलें.

या तिन्ही अंगांचा एकत्र प्रत्यय पाहावयाचा असेल तर महाराष्ट्राला दूर जावें लागत नाहीं. पंडिता रमाबाईंचें चरित्र त्यासाठीं पुरेसें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदेची पर्वा न करितां आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या आईनें लेकीस. १८७४ च्या सुमारास दुष्काळी भटकंतींत वडील, आई आणि थोरली बहीण कांहीं महिन्यांच्या अवधींत निवर्तलीं. भाऊ श्रीनिवास व त्या पायीं हिंडत १८७८ मध्यें कलकत्त्यास पोंचलीं, आणि तेथील विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊही गेला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १८८१ मध्यें मनोरमा जन्मली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीनें पतीचें निधन झालें. तेव्हां त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. ह्या सर्व आघातांना त्यांनीं तोंड दिलें तें ख्रिस्ती होण्यापूर्वीं, ही गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. वडिलांनीं दिलेली विद्या आणि स्वभावांतील धैर्य हें त्यांचें तोंवरचें भांडवल होतें.

पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ सालीं वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूनें त्या इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो मार्ग बंद झाला. हा बहिरेपणा त्यांना जन्मभर पुरला. वॅंटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्या राहिल्या. समाजानें टाकलेल्या स्त्रियांना त्या भगिनी आपल्या माणसांप्रमाणें वागवितात, हें पाहून त्यांचें मन हललें. काशीचे पंडित असलेले आणि पुढें ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणाचाही त्यांजवर परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यामुळें स्वदेशीं केवढा क्षोभ झाला तें सर्वश्रुत आहे. एका अर्थानें हें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें स्थित्यंतर. तरी आपला धर्म बदलला पण ख्रिस्ताशीं अंतरींचें नातें जुळावयास आणखी कित्येक वर्षें लागलीं, असें त्यांनींच पुढें आपल्या आत्मनिवेदनांत नमूद केलें आहे. १८९१ च्या सुमारास तें नातें जुळलें असें त्या मानीत. श्रद्धेचें बळ एखाद्या विधीनें एका दिवसांत अंगीं येत नाहीं, तें हळूहळू मुरावें लागतें, याची ही साक्ष आहे.

या बळाचें रूपांतर त्यांनीं कशांत केलें? ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन निघालें, आणि पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली व विधवा आणून केडगांवास आसरा दिला. ज्या दुष्काळानें त्यांचे स्वतःचे आईबाप नेले, त्याच्याच तडाख्यांतून त्यांनीं इतरांच्या लेंकी सोडविल्या. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर मुक्ती सदनांतील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. तेथें विणकाम, शेती, छपाई असे उद्योग मुलींना शिकविले जात. आंधळ्यांसाठींही वेगळी सोय होती. ही संस्था केडगांवास आजही चालू आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करावयास घेतलें. अशिक्षित बायकांनाही कळेल अशी भाषा असावी हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठीं त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. खिळे जुळविण्याचें काम मुक्तीच्या छापखान्यांतल्या बायकांनींच केलें. हें काम चालू असतांनाच २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. ती चाळीस वर्षांची होती. शिकून सवरून आईचा उजवा हात झालेली, आणि संस्थेची पुढची धुरा जिनें वाहावयाची अशी ती एकुलती एक लेंक. रमाबाई त्या वेळीं त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, त्यांची स्वतःची प्रकृतिही खालावली होती, आणि बाहेरचे शब्द कानांपर्यंत नीट पोंचत नव्हते. तरी त्यांनीं भाषांतराचें काम सोडलें नाहीं. तें पुरें होतें न होतें तोंच ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ सालीं, त्यांच्या पश्चात्. लेंक परत मिळाली नाहीं, बहिरेपण गेलें नाहीं. परंतु हातीं घेतलेलें काम अखेरच्या घटकेपर्यंत रेटण्याची शक्ति मिळाली. श्रद्धेचें बळ म्हणतात तें याहून निराळें नाहीं.

स्थित्यंतराची दुसरी एक कथा लक्ष्मीबाई टिळकांची. त्यांचा जन्म १८६८ चा, आणि लग्न अकराव्या वर्षीं कवि नारायण वामन टिळक यांच्याशीं झालें. टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंचा संसार क्षणांत दुभंगला. पती जिवंत, पण त्याच्याजवळ जातां येत नाहीं; लहान मुलगा कडेवर, आणि आधार माहेरच्या माणसांचा. कांहीं काळ त्यांनीं पंढरपुरांत काढला. कित्येक वर्षांनीं त्या पतीकडे परतल्या त्या आपला धर्म आणि सोंवळें सांभाळून. त्यांच्यावर कोणी जुलूम केला नाहीं, आणि त्याही केवळ पतीच्या मागोमाग गेल्या नाहींत. जातिभेदाचा पगडा त्यांच्या मनावरून स्वतःच्या विचारानें सुटत गेला, आणि १९०० सालीं त्यांनीं आपखुशीनें बाप्तिस्मा घेतला. ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. त्यांचें 'ख्रिस्तायन' हें ओंवीबद्ध काव्य दहा-अकरा अध्यायांशीं थांबलें होतें. शाळेंत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनीं पुढचे अध्याय रचून तें तडीस नेलें. 'स्मृतिचित्रें' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्यें निघाला. त्यांत दुःखाचे प्रसंग पानोपानीं आहेत, तरी वाचक हंसतच पुढें जातो. आपल्या विपत्तीकडे विनोदानें पाहतां येणें हेंही श्रद्धेचें एक फळ होय. कारण शेवटचा शब्द दुःखाचा नव्हे अशी ज्याची खात्री असते तोच असा मोकळेपणानें हंसूं शकतो.

ही शेवटची गोष्ट पुनरुत्थानाच्या विश्वासाशीं निगडित आहे. क्रूसाच्या शुक्रवारानंतर ईस्टरचा रविवार येतो, हा ख्रिस्ती वर्षाचा क्रम आहे. त्यामुळें असाध्य रोगाच्या प्रसंगींही ख्रिस्ती मनुष्यास करण्यासारखें कांहीं उरतें. रोग बरा होत नसेल तर वेदना कमी करावी, आणि रोग्यास एकटें टाकूं नये, या बुद्धीनें सिसिली सॉंडर्स या श्रद्धावान वैद्यबाईंनीं १९६७ सालीं लंडनांत सेंट ख्रिस्तोफर हें मरणासन्न रोग्यांचें सेवागृह उघडलें. त्याच धर्तीचें भारतांतील पहिलें गृह, शांती अवेदना सदन, १९८६ मध्यें मुंबईस वांद्रे येथें निघालें, आणि कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेंतील रोग्यांची तेथें जातधर्म न पाहतां शुश्रूषा होऊं लागली. आतां कांहीं करतां येण्यासारखें नाहीं, हें वाक्य अशा घरांत उच्चारिलें जात नाहीं. कारण ओठ ओले करणें, कूस बदलणें, हात हातांत घेऊन बसणें, हीं कामें शेवटच्या श्वासापर्यंत शिल्लक असतातच.

सारांश, ख्रिस्ती श्रद्धा दुःखाचें कोडें उलगडून दाखविते असें म्हणतां येणार नाहीं. ईयोबासही त्याच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं; त्याला देवाची भेट मिळाली, आणि ती त्यास पुरली. जो आज रुग्णशय्येवर आहे, किंवा ज्याचें घरदार, गांव, सोबती सुटले आहेत, त्याच्याकडून ही श्रद्धा फार मोठ्या पराक्रमाची अपेक्षा करीत नाहीं. मन भरून आलें तर देवापुढें रडावें. कोणी मदतीस आला तर संकोच न धरितां ती घ्यावी. औषध वेळेवर घ्यावें. आणि अंगांत जेवढें त्राण असेल तेवढ्यानें दुसऱ्या एखाद्या दुःखिताचें कांहीं भलें करावें. आणि जो आज धडधाकट आहे त्यानें उपदेशाची घाई न करितां अशा माणसाच्या उशाशीं थोडा वेळ जाऊन बसावें. रोग्याला श्रद्धेचें बळ पुष्कळदां पोंचतें तें अशा बसणाऱ्या माणसाच्याच द्वारें.